पीथमपूरचा राउटर रीबूट करायला हात धजत नाही. बूट फर्मवेअर चढवू का?

सियागंजचा_वायरवाला (इंदूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न एवढासा आहे, रडगाणं मोठं आहे. आधी रडगाणं.

सियागंजात मसाल्याच्या एका पेढीवर मी अकरा वर्षं आहे. लागलो हिशेबनीस म्हणून. लग्नाआधी सहा महिने केबल टाकायचं काम केलं होतं, हे एकदा चहाच्या वेळी तोंडातून निघालं आणि तेव्हापासून बिलिंगचे कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे, शेठजींच्या नातवाचा टॅब, सगळं माझ्याच गळ्यात. ठिकाणं तीन. सियागंजची पेढी, देवास नाक्याचं गोदाम, पीथमपूरचं पॅकिंग युनिट. पेढीवर सेकंडहँड घेतलेला सिस्को ४३३१ राउटर, गोदामात मायक्रोटिकचा छोटा हेक्स, पीथमपूरला मायक्रोटिकचाच आरबी४०११. तिन्ही आयपीसेक टनेलने (इंटरनेटवरून जाणाऱ्या कुलूपबंद खाजगी वाटेने) जोडलेले. पीथमपूरचं बिल पेढीच्या सर्व्हरवर बनतं, म्हणजे टनेल गेला की तिकडे ट्रक उभा.

दोन वर्षांपूर्वीची रंगपंचमी. बाजार बंद, पेढी बंद, पीथमपूरला मात्र एक पाळी चालू. म्हटलं याहून बरा दिवस कुठला? तिथला राउटर काही दिवस नव्या मशिनांना आयपी द्यायला कुरकुर करत होता. अपटाइम (न थांबता चाललेला वेळ) ४१२ दिवस. पेढीवर बसून मी त्याला नुसता रीबूट दिला. अपग्रेड नाही, काही नाही. दोन मिनिटं, पाच मिनिटं, वीस मिनिटं. टनेल काही येईना. फोन केला तर चौकीदार म्हणतो, "साहब, बत्तियाँ तो सब हरी हैं, आप होली खेलो." बाहेरून राउटरमध्ये शिरायची वाट मीच बंद केलेली (ते बरोबरच केलं होतं, अजूनही म्हणतो). निघालो ॲक्टिव्हावर. तेवढ्यात राजवाड्याकडे गेर (रंगपंचमीची मिरवणूक) निघालेली, रस्ते अडवलेले. गल्लीबोळांतून राजेंद्रनगर गाठेपर्यंत माझा सदरा, गाडी आणि लॅपटॉपची बॅग, तिघांचा रंग एकच झाला होता. राऊ ओलांडून पीथमपूरला पोचलो तेव्हा दुपारचे तीन.

आणि मग दोन तास मी टनेलची सेटिंग उचकत बसलो. पासवर्ड बदलला, पॉलिसी काढून पुन्हा घातली. शेवटी लॉग उघडला तर प्रत्येक ओळीपुढे तारीख १९७० च्या जानेवारीची! या डब्यात घड्याळाला बॅटरी नसते, हे तेव्हा कळलं. रीबूटनंतर घड्याळ १९७० सालात जाऊन बसलं, टनेलला सर्टिफिकेट लागतं, आणि राउटरच्या हिशेबाने ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच यायचं होतं. वेळ जुळवायला एनटीपी सर्व्हर दिला होता, पण तो कुठे? पेढीवर, टनेलच्या पलीकडे. वेळ नाही म्हणून टनेल नाही, टनेल नाही म्हणून वेळ नाही. हाताने तारीख घातली, दहा सेकंदांत टनेल उभा. घरी गेलो तर बायको म्हणाली, या वर्षी बरीच रंगली वाटतं.

तेव्हापासून रीबूट म्हटलं की पोटात गोळा येतो.

आता प्रश्न. मागच्या दिवाळीत दोन्ही मायक्रोटिकवर ओएस ७.१२.१ केली, समोर उभं राहून. परवा सहज राउटरबोर्डचं पान उघडलं तर 'करंट फर्मवेअर' ६.४५.९ आणि 'अपग्रेड फर्मवेअर' ७.१२.१. म्हणजे ओएस नवी आणि खालचं बूटचं फर्मवेअर (डबा सुरू करणारा प्रोग्रॅम) जुनंच? ते चढवणं गरजेचं आहे का? चढवताना लाइट गेली तर डबा कायमचा गेला का? आणि सिस्कोचं रोममॉन (त्याचं बूटचं फर्मवेअर) मी आजवर बघितलेलंच नाही, त्यालाही हात लावायचा का? पावसाळ्याआधीची वादळं सुरू झालीत, आमच्याकडे दिवसातून दोनदा लाइट जातेय.

राहू_दे_ना

सुखातला जीव दुःखात कशाला घालता? माझ्या दुकानातला राउटर ९०० दिवस बंद झालेला नाही. मी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. चालतंय ना? चालू द्या.

मांडवीजवळची (बडोदा)

९०० दिवस चाललाय याचा अर्थ एवढाच, की तो पुन्हा सुरू होतो का हे ९०० दिवस कुणी तपासलेलं नाही. रागावू नका हो, पण एकोणीस वर्षं रात्रपाळीत राउटरच सांभाळले, त्यामुळे कुणी मोठा अपटाइम अभिमानाने सांगितला की मला आधी त्या डब्याचीच काळजी वाटते. २०१४ मध्ये सिस्कोने स्वतःच जाहीर केलं होतं, की एका पुरवठादाराकडून आलेल्या मेमरीचा भाग २००५ ते २०१० मधल्या काही उपकरणांत दगा देतोय. दगा कसा? चालू असताना काही नाही. दोनेक वर्षं चाललेला डबा बंद करून चालू केला, की उठायचाच नाही. लोक म्हणायचे, अपग्रेडने मारला. अपग्रेडने नव्हता मारला, तो आधीच गेलेला होता, फक्त कुणाला माहीत नव्हतं.

म्हणून वायरवाले भाऊ, तुम्हाला एकच गोष्ट सांगते, बाकी तपशील आहेत. आधी रिकामा रीबूट करा. ज्या दिवशी फर्मवेअर चढवायचं त्याच्या आधी, काहीही न बदलता, समोर उभं राहून. आणि दोन प्रकारे करा. एकदा कमांडने, एकदा वायर उपटून. दोन्हींत फरक असतो. कमांडने रीबूट केलं तर वीजपुरवठा तसाच चालू राहतो. वायर काढून दहा सेकंद थांबून लावली, की अडॅप्टरला थंड डबा उठवावा लागतो. सगळं नीट आलं, घड्याळ नीट, टनेल नीट, तरच फर्मवेअरला हात लावा. मग काही बिघडलं तर दोष कुणाचा हे तरी कळेल. तुमची रंगपंचमी ही खरं तर रिकाम्या रीबूटचीच गोष्ट आहे. त्या दिवशी अपग्रेडही केलं असतं तर आजवर तुम्ही त्यालाच शिव्या दिल्या असत्या.

घड्याळाचं आधी निस्तरा. एनटीपीला टनेलबाहेरचा सर्व्हर द्या, आणि नाव दिलंत तर त्या नावाचा पत्ता शोधणारा डीएनएसही टनेलबाहेरचाच हवा, नाहीतर तोच फेरा. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) एप्रिल २०२२ च्या निर्देशांत एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या सर्व्हरशी वेळ जुळवा असं सांगितलेलंच आहे. लॉग १८० दिवस ठेवा असंही त्यातच आहे, आणि मायक्रोटिक मुळात १००० ओळी मेमरीत ठेवतो, रीबूट झाला की पाटी कोरी. डबा आपोआप का रीबूट झाला हे शोधायला जाल तेव्हा नेमका तोच पुरावा गेलेला असतो. पेढीवरच्या एखाद्या जुन्या पीसीवर सिसलॉग (राउटरने पाठवलेला लॉग) घ्यायला सुरुवात करा.

आता सिस्को. ४३३१ सेकंडहँड आहे म्हणालात, तर त्याचा सिरियल नंबर आधी तपासा. फेब्रुवारी २०१७ मध्ये सिस्कोने क्लॉक सिग्नलच्या एका भागाबद्दल सूचना काढली होती, त्या यादीत ४३३१ होता. साधारण अठरा महिने वापरानंतर तो भाग जायला लागतो, आणि गेला की डबा पुन्हा उभा राहत नाही. बदललेला तुकडा असेल तर निर्धास्त.

मग रनिंग (आत्ता चालू असलेलं) आणि स्टार्टअप (रीबूटनंतर वाचलं जाणारं) कॉन्फिग शेजारी ठेवून फरक बघा. हे मी सगळ्यांना सांगते आणि सगळे म्हणतात, आमचं सेव्ह केलेलं आहे. बघा तरी. बूटची ओळ कुठल्या इमेजकडे (ओएसच्या फाइलकडे) बोट दाखवते ते बघा. ती फाइल फ्लॅशमध्ये खरंच आहे का, तिचा एमडी५ (फाइल अखंड आहे का ते तपासायचा आकडा) जुळतो का? कॉन्फिग रजिस्टर (सुरू होताना काय करायचं ते ठरवणारा आकडा) २१०२ हवा. कुणी पासवर्ड काढायला २१४२ करून तसाच ठेवला असेल तर रीबूटनंतर राउटर सगळं कॉन्फिग बाजूला ठेवून कोऱ्या चेहऱ्याने तुमच्यासमोर बसेल. सेकंडहँड मालात हे मी तीनदा पाहिलंय.

रोममॉन उगाच चढवू नका. नव्या आयओएसच्या (सिस्कोच्या ओएसच्या) सूचनांत 'किमान रोममॉन अमुक' लिहिलेलं असतं. तुमचं त्याखाली असेल तरच. चढवल्यावर तो सांगतो, की नवा रोममॉन पक्का करायला आता आरपी (राउटरचा मुख्य प्रोसेसर) पुन्हा सुरू करा. त्या रीलोडला वेळ लागतो. स्क्रीन गप्प बसली म्हणून बटण दाबायला जाऊ नका. हात मागे बांधून उभे राहा, चहा प्या, पण बटण नाही.

अन्नपूर्णारोडवाला (इंदूर)

भिया, आपण शेजारीच निघालो! मी छोट्या इंटरनेटवाल्याकडे लाइनवर आहे, मायक्रोटिक रोज हातातून जातात. (४०११ मधला प्रोसेसर अन्नपूर्णा लॅब्जचा आहे, आमच्या रोडची कृपा.)

बूटचं फर्मवेअर वेगळं डाउनलोड करावं लागत नाही, ते ओएसच्या पॅकेजमध्येच येतं. म्हणून तुम्हाला ७.१२.१ तयार दिसून राहिलंय. 'अपग्रेड' म्हटलं की तो हो-नाही विचारतो, काही सेकंदांत लिहून मोकळा होतो, आणि लॉगमध्ये सांगतो की आता रीबूट करा. म्हणजे ओएससाठी एक रीबूट, राउटरबूटसाठी (मायक्रोटिकच्या बूट फर्मवेअरसाठी) दुसरा. हा दुसराच लोक विसरतात. 'ऑटो अपग्रेड' लावलं तरी दुसरा रीबूट लागतोच. करायचं का? करा. दोन्ही आवृत्त्या जुळलेल्या ठेवा असाच कंपनीचा सल्ला आहे, आणि ६ वरून ७ वर आलेल्या डब्यात तर मी ठेवतोच. ७.१३ च्या पुढे जायचं असेल तर ७.१२.१ वर थांबून जायचं असतं, तुम्ही नेमके तिथेच आहात.

लाइट गेली तर? भीती फक्त त्या लिहिण्याच्या काही सेकंदांची. तेवढ्यापुरता यूपीएस पुरे. तरीही गडबड झालीच तर डब्यात राखीव बूटलोडर असतो, कारखान्यातून आलेला, त्याला अपग्रेड हात लावत नाही. रीसेटचं बटण दाबून धरायचं, मग वायर लावायची, तीनेक सेकंदांनी बटण सोडायचं. राखीववरून उठतो.

इथे लक्ष द्या. तेच बटण जास्त वेळ धरलं आणि दिवा लुकलुकायला लागल्यावर सोडलं, तर कॉन्फिग साफ! आणखी धरून ठेवलं, दिवा विझला, तर तो नेटइन्स्टॉल (केबलवरून ओएस नव्याने घालणारा प्रोग्रॅम) शोधायला लागतो. म्हणजे एकाच बटणात औषध पण आणि विष पण, फरक सेकंदांचा. चौकीदाराला फोनवर हे कधीही करायला सांगू नका. मी एकदा सांगितलं होतं. तो बिचारा इमानदारीने 'अच्छे से' दाबून उभा राहिला. मग मलाच रात्री सांवेर रोडला जावं लागलं.

४०११ ला सिरियल कन्सोलचा पोर्ट आहे. जुना लॅपटॉप, कन्सोल केबल आणि मोबाइलचा डोंगल, एवढं तिथे कपाटात लावून ठेवा. टनेल मेला तरी मागच्या दाराने शिरता येतं. हेक्सला कन्सोल नाही, तिथे पायच झिजवायचे. तसंही देवास नाका शहरातच आहे.

आणि एक्सपोर्ट (सेटिंगची वाचता येणारी यादी) काढून ठेवा, फक्त बॅकअप नाही. बॅकअपची फाइल त्याच डब्यासाठी असते, दुसऱ्या मॉडेलवर तिचा भरवसा नाही. एक्सपोर्टमध्ये सर्टिफिकेट आणि युजरचे पासवर्ड येत नाहीत, ते वेगळे ठेवा. ७ मध्ये टनेलच्या किल्ल्यांसारख्या गोष्टीही तो आपणहून लपवतो, दाखव म्हणून सांगावं लागतं.

राहू_दे_ना

एवढा कुटाणा करण्यापेक्षा रोज पहाटे चारला आपोआप रीबूट लावून द्या ना. माझ्या मेव्हण्याने लावलाय.

मांडवीजवळची (बडोदा)

मेव्हण्यांच्या राउटरची मेमरी कुठेतरी गळतेय आणि ते रोज पहाटे खालची बादली बदलतायत. गळती शोधा म्हणावं. आणि रीबूटने सगळं धुऊन निघतं असंही नाही. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा राउटरचा व्हायरस आला होता, पाचेक लाख राउटर बाधित झाले होते. एफबीआयनेच लोकांना सांगितलं, राउटर रीबूट करा. त्याने वरचे थर गेले, पण पहिला थर रीबूटनंतरही टिकून राहणारा होता. तो काढायला फॅक्टरी रीसेट आणि नवं फर्मवेअरच लागत होतं.

सियागंजचा_वायरवाला (इंदूर)

ताई, भिया, दोघांनाही दंडवत. काल रविवारी केलं. सांगतो.

आधी पेढीवर सिस्को. सिरियल नंबर तपासला, सुटलो, यादीत नाही. मग कॉन्फिगचा फरक काढला. 'आमचं सेव्ह केलेलं आहे' असं मीही मनात म्हटलंच होतं. एक ओळ जास्तीची निघाली. दुसऱ्या इंटरनेट लाइनची स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेला मार्ग), गणपतीत मीच घाईत घातलेली, राइट न केलेली. म्हणजे गेले कित्येक महिने लाइट गेली असती आणि यूपीएस दमला असता, तर पेढीची दुसरी लाइन मुकाट्याने मेली असती आणि मी पुन्हा कुठेतरी पॉलिसी उचकत बसलो असतो. सेव्ह केलं. रजिस्टर २१०२, इमेज जागेवर. रिकामा रीलोड दिला. चांगली पाचेक मिनिटं स्क्रीन गप्प होती. हात खरंच मागे बांधले होते, शेठजींनी विचारलं, पूजा चालू आहे का. उठला. रोममॉन सूचनांतल्या किमानाच्या वरच आहे, म्हणून त्याला नमस्कार करून सोडला.

मग पोहे खाऊन देवास नाका. हेक्सचं एनटीपी आधी टनेलबाहेरच्या सर्व्हरवर नेलं. कमांडने रीबूट, सव्वा मिनिटात टनेलसकट हजर. मनात म्हटलं, झालं की, आता फर्मवेअर चढवू. पण ताईंनी वायर उपटायला सांगितलं होतं. उपटली, दहापर्यंत मोजले, लावली.

दिवा लागला, मंद झाला, विझला. पुन्हा लागला, मंद, विझला. कानाशी नेलं तर अडॅप्टर बारीक टिकटिक करतोय. पाच मिनिटं हेच. घाम फुटला. मग डब्याखालची चिठ्ठी वाचली, ८ ते ३० व्होल्ट चालतात. शेजारच्या कॅमेऱ्याचा १२ व्होल्टचा अडॅप्टर काढून लावला आणि हेक्स एका दमात उठला. जुना अडॅप्टर घरी येऊन फोडला. आतला एक कपॅसिटर वरून फुगलेला, जिलबीसारखा चिकट. चालत्या डब्याला पुरत होता, थंड डब्याला उठवायची ताकद राहिली नव्हती.

आता विचार करा, मी थेट राउटरबूट चढवलं असतं, दुसरा रीबूट दिला असता, तो छान आला असता, मी घरी गेलो असतो आणि संध्याकाळच्या वादळात लाइट गेली असती. उठला नसता. आणि मी इथे येऊन लिहिलं असतं की फर्मवेअरने डबा मारला.

१२ व्होल्टवरच राउटरबूट ७.१२.१ केलं, छोटा यूपीएस लावून. चार-पाच सेकंद लागले असतील, तेवढ्यात मी दोनदा दाराबाहेर आभाळ बघून आलो. रीबूट, वायर उपटून रीबूट, दोन्ही झाले. कॅमेरा तोवर आंधळा होता, ते गोदामवाल्यांना सांगू नका.

आज २४ व्होल्टचे दोन नवे अडॅप्टर घेतले, एक पीथमपूरसाठी राखीव. पीथमपूर पुढच्या रविवारी. कन्सोल केबल आणलीय, डोंगल मुलीचा मागितलाय, ती भाडं मागतेय.

अन्नपूर्णारोडवाला (इंदूर)

पीथमपूरला जाताना राऊला थांबा, मी पण येतो. दोन जणं असली की एक यूपीएसकडे बघतो. चौकीदाराला आधी सांगून ठेवा.

राहू_दे_ना

तो २४ व्होल्टचा अडॅप्टर कुठे मिळाला? सहज विचारून राहिलो.

सियागंजचा_वायरवाला (इंदूर)

जेल रोडला. पण आधी तुमच्या डब्याखालची चिठ्ठी वाचा, सगळे २४ चे नसतात. आणि वायर दुकान बंद झाल्यावर उपटा.